मुंबई ते टोरोंटो, तीन दिवस

“ह्यात गोम हाय,” म्हणत तात्या चष्मा कपाळावर चढवायचे. मग समजावं, समोरच्याची आता उलटतपासणी.

तात्या कळस गावचे डाळिंबवाले बागायतदार. आडतीत माल मोजायच्या आधी काट्यावर स्वतः चढून बघायचे. स्वतःचं वजन त्यांना पाठ होतं. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. माझं बारामतीत स्टँडजवळ विमान तिकिटांचं दुकान. तात्यांचा एकुलता एक मुलगा टोरोंटोत, म्हणून ते चौकशीला यायचे. बसायचे तेही माझ्या संगणकाचा पडदा दिसेल अशा खुर्चीत.

एकदा त्यांना विमानाची वाट दाखवली. साडेबारा हजार किलोमीटर, आणि नकाशावर रेघ कमानीसारखी वर गेलेली.

“सरळ सोडून वर कशाला? भाडं वाढवायला! इंदापूरला जायाला कुणी दौंडावरनं जातं का?”

मी त्यांच्याच पिशवीतल्या डाळिंबावर पेनानं मुंबई आणि टोरोंटोचे दोन ठिपके दिले आणि दोरा ताणला. दोरा आपोआप देठाकडं सरकला. तात्यांनी पुन्हा पुन्हा स्वतः ताणून पाहिला.

“दोरा खोटं बोलत न्हाय. तुमीबी न्हाय,” म्हणाले.

पुढच्या खेपेला पासपोर्ट घेऊनच आले. “पोराला एकदा डोळं भरून बघून येतो. किती वेळ लागंल?”

“बघून सांगतो,” मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. “काका, बायको सोडून गेलीय. एका खोलीत राहतो. तात्यांना हे बघवणार नाही. लांब आहे म्हणून सांगा, पण येऊ देऊ नका.”

खरं तर एक विमान बदललं, की माणूस दिवसभरात पोहोचतो. मी तात्यांना सांगितलं, “तीन विमानं, मधे मुक्काम. तीन दिवस लागतात. तुमच्या छातीला झेपायचं नाही.”

चष्मा कपाळावर गेला. पडदा समोरच होता. त्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

“तुमी म्हनताय म्हंजी तसंच असंल.” पासपोर्ट पिशवीत घालून गेले.

उन्हाळ्यात एका पहाटे तात्या गेले. मी पोहोचलो तेव्हा भावकीत चर्चा चालली होती, पोरासाठी थांबायचं का? फोनवर तो रडत नुसतं ‘निघतो, निघतो’ म्हणत होता.

“तीन दिस लागत्यात त्याला,” तात्यांच्या बायको, काकू म्हणाल्या. “ह्यांनी बारामतीत चौकशी केलती.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी होकारार्थी मान हलवली. पुतण्यानं अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी घरी राहवेना, पुन्हा कळसला गेलो. संध्याकाळी अंगणात गाडी थांबली. मुलगा उतरला आणि तात्या बसायचे त्या मोकळ्या ओट्याकडं बघतच राहिला.

काकूंनी त्याला कवटाळलं. मग माझ्याकडं वळल्या. “काल सांगितलं, आन् आज आला?”

मुलाच्या देखत मी सगळं सांगून टाकलं.

काकू रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. “म्हंजी थांबता आलं असतं,” एवढंच म्हणाल्या.