खिडकीबाहेरचा शब्दकोश

मास्तरांना इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला की ते खिडकीबाहेर बघायचे. सोलापुरातल्या आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत शब्दकोश होता. तो दाराला टेकण म्हणून लावलेला असे. मास्तर रस्त्यावरचा एखादा माणूस हेरून शब्द त्याच्यावर बसवत.

एकदा मी ‘कनायव्हन्स’ विचारला. समोर जकात नाका होता.

“तो कारकून बघा, बीए,” मास्तर म्हणाले. “सुताची गाडी आली की ह्याला तहान लागती. कुणाकडून काही घेत न्हाई, कुणाशी बोलत न्हाई. नुसता पाणी प्यायला जातो. गाडी निघून जाती.”

“आणि गाडीवाल्याशी आधी ठरवून गेला तर?”

“मग ते कोल्यूजन. संगनमत. त्याला तुरुंग हाय. ह्याला फक्त शरम, असली तर.”

‘बीए’ हे त्यांनी मला दिलेले नाव. मी पुण्याहून पदवी घेऊन आलो होतो. मास्तर अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे, मॅट्रिकला दोनदा नापास झालेले. तरी आलेले इंग्रजी टपाल संपादक अनुवादासाठी थेट त्यांच्या टेबलावर ठेवत. मी लिहिलेला मजकूर घेऊन खाली छापखान्यात गेलो की खिळे जुळवणाऱ्यांतला मुख्य, नरसय्या, खिळ्यांना हात लावण्याआधी विचारी, “मास्तरनी बघितलं का?” हा प्रश्न मी तीन वर्षे ऐकला. पदवीचा कागद ट्रंकेत होता; तो कुणी बघायला मागितला नाही.

चूक दाखवण्याची मास्तरांची रीत वेगळी होती. ते तांबडी शाई वापरत नसत. चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने एक ठिपका देत आणि कागद ज्याचा त्याला परत करत. शब्द सुधारला की ठिपका खोडून टाकत. त्यामुळे कुणाची चूक संपादकांपर्यंत गेली नाही. माझ्या कागदांवर असे ठिपके पुष्कळ पडले. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानल्याचे आठवत नाही. त्यांच्या कागदावर मात्र ठिपका द्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ती एका उन्हाळ्यात आली. गावातल्या एका गिरणीच्या गोदामातून सूत चोरीला गेले होते आणि चौकशीचा इंग्रजी अहवाल आला होता. त्या आठवड्यात मास्तरांच्या मुलीला विषमज्वर होता. अनुवाद त्यांनी इस्पितळात, तिच्या खाटेशी बसून केला आणि प्रूफ तपासायला माझ्याकडे आले. अहवालात चोरी दोन नोकरांनी केल्याचे व गोदामप्रमुखाची कनायव्हन्स असल्याचे म्हटले होते. मास्तरांनी लिहिले होते, ‘गोदामप्रमुखाच्या संगनमताने’.

सवयीने मी शब्दाखाली ठिपका दिला. मग बोटाने पुसला आणि प्रूफ खाली पाठवले. त्या दिवशी नरसय्याने काही विचारले नाही. मजकूर मास्तरांचा होता.

चार दिवसांनी गोदामप्रमुखाच्या वकिलाची नोटीस आली. अहवालाने आपल्या अशिलाला काणाडोळा केल्याचा दोष दिला आहे, चोरांना सामील झाल्याचा नाही. माफी छापा, नाहीतर फिर्याद होईल. संपादकांनी आम्हां दोघांना बोलावून प्रूफ कुणी तपासले ते विचारले. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

“अनुवाद माझा हाय,” मास्तर म्हणाले. “चूकही माझीच.”

माफी छापली गेली. ज्याची चूक त्याने जावे असे ठरले आणि मास्तरांनी टेबल आवरले. मुलगी बरी होऊन घरी आली होती, एवढेच त्यांनी सगळ्यांना सांगितले.

निघताना तारेला ओवलेल्या जुन्या कागदांतून त्यांनी एक प्रूफ काढले आणि माझ्यापुढे ठेवले. ‘संगनमताने’च्या खाली पुसलेल्या ठिपक्याचा करडा डाग होता. मास्तरांनी खिशातून खोडरबर काढले आणि डाग नीट, कागद न फाडता, खोडला.

“तुमी बघितलं होतं की, बीए,” ते म्हणाले. “तो मागं विचारलेला शब्द. आता ध्यानात राहील.”

बाहेर नाक्यावर गाड्या उभ्या होत्या, कारकून जागेवर होता. मास्तरांनी तिकडे पाहिले नाही. ते माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून इंग्रजी टपाल माझ्या टेबलावर येऊ लागले.