बागेत सायकल हातात धरावी

काल नातीच्या सायकलीला तेल घातलं आणि त्या वासासरशी मी सांगलीच्या जुन्या बागेत जाऊन पोचले.

महायुद्धाचे दिवस होते. मला मिरजेच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायचं होतं. सासरे म्हणाले, "सायकलवरनं एकटी जात येत असशील तर जा." पलटणीत हवालदार असलेले, रजेवर आलेले आमचे हे मला रोज सकाळी बागेत सायकल शिकवायचे. फाटकावर पाटी होती, 'आत सायकल हातात धरून न्यावी.'

तिसऱ्या दिवशी म्हातारे राखणदार तात्या आडवे आले. "पाटी वाचली न्हाई व्हय?"

"आवं तात्या, हातातच धरलीया की," हे धापा टाकत म्हणाले. "ती निस्ती वर बसलीया."

तात्या हसले नाहीत. त्यांनी जाऊन फाटकाला कडी घातली. आता चौकीवर नेणार, असं मला वाटलं. ते परत येऊन म्हणाले, "आता मधी कुनी यायचं न्हाई. वळणावर घंटी वाजव, पोरी. आन् हवालदार, तुमी सोडा मागचं."

नियम कशासाठी असतो, ते त्यांना पाटी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळत होतं, असं आज वाटतं.

ह्यांनी हात सोडला. घंटी वाजवत मी कारंज्याला पुरा फेरा घातला. वळताना पाहिलं, तर दोघंही माझ्यामागे धावत होते, आणि तात्या पुढे होते.