अक्काचे अकरा दिवस

अक्काच्या उशाशी दहा दिवस बसून मी एका दिवसाकरता अकोल्याला आलो. तिनेच हाकललं होतं. "जाय, कपडे बदलून ये. वास येऊन राह्यला तुह्या अंगाचा." जठारपेठेतल्या घराचं कुलूप काढतो न काढतो तोच अमरावतीहून तिच्या दिराची तार आली, 'अक्का अत्यवस्थ, निघा.' मी कोणाला काही विचारलं नाही. विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि स्टेशन गाठलं. आपल्याकडे माणूस गेल्याची तार अशीच येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं... मलाच तेवढं ते वेळेवर सुचलं नव्हतं.

अक्का माझी थोरली बहीण. चांदूर बाजारकडे तिची संत्र्यांची बाग. नवरा लवकर गेला. तिने बाग राखली, मला शिकवून मास्तर केलं आणि एकुलत्या एका नारायणला डॉक्टरीसाठी विलायतेला धाडलं. तोंडाने भारी फटकळ. मी शाळेतला पृथ्वीचा गोल तिच्यापुढे ठेवून दोऱ्याने अंतर मोजलं, विलायतेहून कराची सरळ विमानाने चार हजार मैल, तर म्हणाली, "मैल तुह्या पोरायले शिकव. मले दिवस सांग." मी सांगितलं, कराचीपर्यंत विमानाने पाच, तिथून आगगाडीने बडनेऱ्यापर्यंत तीन. "मंग काई दूर नाई," ती म्हणाली. अडीनडीला नारायणने विमानानेच यायचं, हे तेव्हाच ठरलं. तिकिटाची तजवीजही करून ठेवली होती.

या हिवाळ्यात तिने अमरावतीला दिराच्या घरी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी फार तर पंधरा दिवस सांगितले, तेव्हा मी तार केली, 'आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'निघालो.' मग रोज सकाळी अक्का विचारायची, "आज कुठीसा असन रे थो?" मी सांगायचो, बगदाद... बसरा... कराची. आठव्या दिवशी तिने जावेकडून धुतलेलं लुगडं नेसवून घेतलं. नवव्या दिवशी म्हणाली, "गाडी चुकली असन." दहाव्या दिवशी तिने विचारलंच नाही.

नारायण आला तो ती गेल्यावर बारा दिवसांनी, बोटीने. माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "मामा, तुमची तार पायली अन् समजलं, माय गेली. जित्या माणसाची अशी तार कोन करते? मंग विमानाची घाई कोनासाठी करू? तिले लय तरास तं नाई झाला नं?"

'जिवंत आहे' एवढे दोन शब्द जास्त लिहायला माझं काय जात होतं? मी म्हणालो, "नाई रे. तार केली त्याच दिवशी गेली." तो ढसाढसा रडला. मग जेवला, झोपला. मला वाटलं, चला, निभावलं.

पण तिच्या त्या खोलीत मला आता बसवत नाही. तिने एवढी वाट पाहिली आणि ज्याची पाहिली त्यालाच ते ठाऊक नाही... माझी लाज झाकायला मी बहिणीचे शेवटचे दिवस पुसून टाकले. नारायण, चूक तुझी नाही, माझी आहे. पण तुझी माय त्या दिवशी गेली नाही रे. अकरा दिवस ती जिवंत होती, दाराकडे तोंड करून.