मुकी घुंगरं

म्हशाच्या जत्रेत बैलांना घुंगरमाळ घ्यायची झाली की आमच्या टोकावड्याची माणसं माझ्या बापाला सोबत न्यायची. एकेक घुंगरू कानाशी हलवायचं, आवाज पसंत पडला तरच माळेत ओवू द्यायचं, अशी त्याची रीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची ती जत्रा. बाचा टीबी उलटला होता, गोळ्यांबरोबर रोजची सुई चालू होती. तरी गडी आलाच, सोबत मी होते.

दुकानदाराने बारीक घुंगरं पुढे ठेवली. बाने एक हलवलं, टाकलं. दुसरं हलवलं, टाकलं. मग जो काय भडकला! "सगली मुकी हायेत! लोकांना फसवतोस काय रे?"

मी एक उचलून हलवलं. चांगलं खणखणीत वाजत होतं. बाला माणसांचं बोलणं कळत होतं, मोठी घंटा ऐकू येत होती, फक्त बारीक आवाज गेले होते. मी ते घुंगरू विकत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बाला ओढतच मुरबाडच्या दवाखान्यात नेलं.

"रक्त तपासलंय, सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "काय काका, ऐकू येतंय ना?"

"येतंय की!" बा म्हणाला. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काय मीच बहिरी.

मी पिशवीतून घुंगरू काढलं आणि बाच्या मानेमागे जोरात हलवलं. दारातल्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बा खिडकीकडे तोंड करून शांत बसला होता.

डॉक्टरांनी बाचा कागद पुन्हा उघडला. मग म्हणाले, "या सुईने कधीकधी कान जातात. आधी बारीक आवाज, मग बोलणं. रक्तात ते दिसत नाही."

"कावीळ दिसते, मलेरिया दिसतो, आन कान जातोय ते तेवढं दिसत नाय? मग दिसंल असं कायतरी शोधा की! आमचं रक्त काय कमी काढता?" मी म्हणाले.

आता इतक्या वर्षांनी म्हणे शास्त्रज्ञ रक्तात तशी खूण शोधतायत. शोधा लवकर, किती जणांचे कान जायची वाट बघताय?

त्या दिवशी डॉक्टरांनी सुई बंद केली, औषध बदललं, कान तपासायला ठाण्याला पाठवलं. गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं वाचेल, असं तिथे सांगितलं. वाचलंही. गोळी मात्र बाने एकही चुकवली नाही.

पुढच्या जत्रेला बा मलाच घेऊन त्या दुकानात गेला. बारीक घुंगरं माझ्या हातात दिली, म्हणाला, "हलव."

दुकानदार हसला. "आता पोरगी बैलांची घुंगरं निवडनार?"

"माझा कान तिच्यापाशी ठेवलाय," बा म्हणाला. "तू माल काढ."