निरगुडीचं कढत पाणी

मंडळी, आज सकाळी माझी थोरली बहीण, आमची आक्का, संकेश्वरहून खासबागला माझ्या घरी आली. पिशवीभर निरगुडीचा पाला घेऊन.

"पाय ओढत चालतीस, वातच असणार. कढत पाण्यानं शेकते," म्हणाली.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नसांवरचं आवरण झिजलंय, त्यामुळे अंग तापलं की पाय आणि नजर दोन्ही दगा देतात. चार वर्षांत हे तिला कितीदा सांगितलं असेल. आज पुन्हा सांगायचं बळ नव्हतं. बसले न्हाणीत.

तिसऱ्या तांब्यालाच समोरची बादली धुरकट दिसायला लागली. उठायला गेले तर पाय हलेनात. आक्कानं काखेत हात घालून कसंबसं पलंगावर आणलं. पंख्याखाली पडून राहिले. तासाभरानं अंग निवलं, तिचा चेहरा स्पष्ट दिसला आणि मी उठून चार पावलं चालले.

"बघ, गुण आला का न्हाय? उद्या अजून जरा कढत करते."



आत्ता ती स्वयंपाकघरात उद्यासाठी पाला निवडत बसलीय. तिला नको कसं म्हणायचं, सुचवा कुणीतरी. आजार सांगून झालाय.