पेट्रोलमधला कापूर

कापूरमामा जवळ येऊन उभे राहिले की डोळे मिटलेला माणूससुद्धा त्यांना ओळखायचा. त्यांच्या सदऱ्याला, दाढीला, हातांना कापराचा वास यायचा. शिरूरला आमच्याकडची जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. त्या घोडनदीच्या बाजारात मामा कापूर घ्यायला गेले की वाणी हटकून विचारायचा, "मामा, आज कुठल्या देवाची आरती?" मामा डोक्यावरची गोल टोपी सरळ करत म्हणायचे, "पेट्रोलदेवाची. तुझ्या देवाला एक वडी पुरती, माझ्या देवाला पुडा लागतो."

मामांची शिरूर ते दौंड चालणारी भाड्याची मोटार होती. काळी, विलायती आणि बरीच जुनी. आमचे निमोणे गाव त्या वाटेवर. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेले नव्हते. आजोबा मेंढरे घेऊन रानोमाळ फिरले, वडील शेतीला लागले आणि मी सायन्स शिकायला पुण्याला गेलो. दौंडला रेल्वे पकडण्यासाठी मी मामांच्या मोटारीत बसायचो. पूर्वी ते मला अरे-तुरे करत. कॉलेजात नाव लागल्यावर एकदम म्हणू लागले, "या कालेज, फुडं बसा." मला फार अवघडल्यासारखे व्हायचे, पण सांगायचे कसे ते कळत नसे.

कापराचे मूळ मामांच्या घरात होते. मामींना दमा होता. थंडी पडली की त्यांच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज निघे. मग मामा खोबरेल तेलात कापूर कोमट करून त्यांच्या छातीला चोळत, आणि थोड्या वेळाने त्यांचा श्वास मोकळा होई. एका चढावर मोटार तशीच धापा टाकत होती तेव्हा मामांच्या मनात आले की माणसाचा दम कापराने मोकळा होतो, तर गाडीचा का होणार नाही? त्या दिवसापासून पेट्रोलमध्ये कापूर पडू लागला. मामी तो खलबत्त्यात कुटायच्या, बाटलीभर पेट्रोलमध्ये विरघळवायच्या आणि जुन्या ओढणीतून गाळून द्यायच्या. "गाडीला रोज औषध, आन् मला खोकला आल्यावरच," असे त्या माझ्यासमोर म्हणायच्या. मामा म्हणायचे, "तू बोलून दाखवतीस. ती मुकी हाय बिचारी."

मोटारीवर त्यांचा जीव होता. हिवाळ्यात सकाळी ते बॉनेटवर गोधडी टाकत आणि इंजिन चांगले तापल्यावरच काढत. नव्या ड्रायव्हरांना बजावत, "थंड इंजिन बंद करायचं न्हाई. एकदा रुसलं की रुसलं." मोटार कुठे थांबलीच तर कार्बोरेटरमधला, ज्याच्या भोकातून पेट्रोल जाते तो बारीक पितळी जेट काढून त्यात फुंकर कशी मारायची, हे त्यांनी मलाही शिकवले होते. आणि उतार लागला की इंजिन बंद करून ते मोटार आपल्या वजनाने जाऊ देत. तेवढा वेळ रस्त्यावर फक्त चाकांचा आवाज यायचा. "ऐका," ते म्हणायचे, "फुकटचा रस्ता."

मग शिरूर-दौंड रस्त्यावर एस.टी. सुरू झाली. लोक तिच्यात बसू लागले. मामांच्या मोटारीत उरले ते बाजाराचे बोजे आणि आजारी माणसे. आता पेट्रोल वाचले तरच मोटार रस्त्यावर राहणार होती, आणि ते वाचवायला मामांकडे कापरावाचून दुसरे काही नव्हते. स्टँडवरचे ड्रायव्हर त्यांना हसायचे. "मामा, कापरानं गाडी पळती, मग उदबत्तीनं इमान उडंल," असे एकजण म्हणाला. मामा त्या दिवशी पहिल्यांदा चिडलेले मी पाहिले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "कालेज, तुम्ही सायन्सवालं. तुम्ही मोजा, आन् काय आसंल ते ह्यांच्या म्होरं सांगा."

मी घाबरलो. पुस्तकात कार्बोरेटरचे चित्र होते, कापराचा कुठे उल्लेख नव्हता. तरी सुट्टीत आम्ही मोजले. टाकी कोरडी करायची, एक गॅलन पेट्रोल ओतायचे आणि मोटार बंद पडेल तिथला मैलाचा दगड पाहायचा. परतीसाठी डबा बरोबर असायचाच. पहिल्या दिवशी नुसते पेट्रोल, दुसऱ्या दिवशी औषध. औषधाच्या दिवशी मोटार बरेच दगड पुढे गेली. मामा दगडावर हात आपटून म्हणाले, "बघा!"

पण मी शेजारी बसून पाहत होतो. औषधाच्या दिवशी मामा वेगळेच चालवत होते. पाय अलगद, वळणाच्या आधीच वेग कमी आणि प्रत्येक उताराला इंजिन बंद. जणू मागच्या सीटवर कोणी आजारी निजले आहे. मी चाचरत तसे बोललो. मामांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. मग म्हणाले, "आसं करा. आता तुम्ही टाका. औषध टाकलं का न्हाई, मला सांगू नका."

तिसऱ्या दिवशी मी टाकीत नुसते पेट्रोल ओतले. निम्म्या वाटेत मामा खूश होऊन म्हणाले, "औषध हाय. पायाला कळतंय." मोटार कालच्याच दगडापाशी थांबली. मी खरे ते सांगितले. मामा खाली उतरले, दगडापाशी उकिडवे बसले आणि दगडावरच्या आकड्यावरून बोट फिरवत राहिले. शेवटी हसले. "म्हंजी औषध माझ्या पायात हाय. चांगलं झालं की. तिथनं तरी ते संपायचं न्हाई."

स्टँडवर ते स्वतःच ही हकिगत सांगू लागले. कापूर मात्र त्यांनी सोडला नाही. "ती कुटती," एवढेच म्हणाले. पण उतारावर इंजिन बंद करण्याची सवय आता नियम झाली. लहानसा उतारसुद्धा ते वाया जाऊ देत नसत. त्यांचा हात आपोआप किल्लीकडे जाई.

त्याच हिवाळ्यात मामींचा दमा फार वाढला. कापूरतेलाने उतार पडेना. दौंडला मामींचे भाऊ रेल्वेत होते, आणि तिथल्या एका डॉक्टरांच्या इंजेक्शनाने मामींना आधी दोनदा बरे वाटले होते. म्हणून सकाळी सकाळीच मामा त्यांना मोटारीत घालून निघाले. मी तेव्हा सुट्टीत घरी होतो. निमोण्याला मोटार थांबली ती मला घेण्यासाठी. "मागं बसा. तिला धरायला माणूस पाह्यजे," मामा म्हणाले. माळावर धुके होते. मामी सीटवर पुढे झुकून बसल्या होत्या आणि त्यांच्या अंगाभोवती ती बॉनेटवरची गोधडी होती. घरात तेवढीच एक जाड होती.

गावापुढचा चढ मोटारीने कसाबसा काढला. पुढे उतार आला. मामांचे डोळे आरशात होते, मामींवर. आणि त्यांचा हात किल्लीकडे गेला.

चाकांचा आवाज तेवढा राहिला. उतार संपला तसा मामांनी इंजिन सुरू करायला घेतले. ते लागले नाही. त्यांनी खाली उतरून हँडल मारले. मग मी मारले. शेतातून दोघे पळत आले, आम्ही मोटार ढकलली, पुन्हा हँडल मारले. इंजिन एकदाही धडधडले नाही. मामा बॉनेट उघडत, बंद करत, परत मागे येऊन मामींच्या छातीला तेल चोळत.  मामी एकदा हसल्यासारख्या झाल्या. "माझंच दुखणं लागलं व्हय हिला?" असे म्हणाल्या. त्यानंतर त्यांना बोलता आले नाही.

बैलगाडी मिळेपर्यंत ऊन वर आले होते. आम्ही त्यांना गाडीत निजवले आणि दौंडकडे निघालो. मामा त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. गाडीवान सारखा बैलांना हाकत होता. दौंडअलीकडची नदी यायच्या आधीच मामा त्याला म्हणाले, "आता सावकाश चाल. घाई न्हाई."

मामींना मातीत ठेवल्यावर चार दिवस मामा घराबाहेर आले नाहीत. मोटार त्या उताराच्या खाली तशीच उभी होती. मग एका दुपारी ते निमोण्याला आले आणि मला म्हणाले, "चल." मला 'कालेज' म्हणाले नाहीत. आम्ही मोटारीपाशी गेलो. ते बॉनेट उघडायला पुढे झाले नाहीत. मोटारीकडे पाठ करून बांधावर बसले.

"जेट काढून बघ," ते म्हणाले. "कापूर साचलाय का ते. तिनं कुटलेला. बघ, पर मला सांगू नको."

"मग बघायचं कशाला, मामा?"

"कुणाला तरी ठाऊक पाह्यजे. मला नको."

मी पान्याने जेट काढला आणि उजेडाकडे धरला. सुईच्या नेढ्याएवढे भोक. त्यातून आभाळ स्वच्छ दिसत होते. कापराचा कण नव्हता. मामींनी प्रत्येक वेळी नीट गाळून दिले होते. मला एकदम हायसे वाटले. आता मामांना सांगावे, औषधाने काही झाले नाही, मामींच्या हाताने काही झाले नाही. मी तोंड उघडले, आणि तेवढ्यात सीटवर पडलेली गोधडी मला दिसली. औषध नव्हते, तर मग काय होते? थंड इंजिन. आणि ते बंद करणारा हात.

मामांनी मान वळवली नाही. नुसता पंजा वर केला. "सांगू नको म्हणलं ना."

मी जेट परत बसवला.

मोटार बैल जुंपून ओढत नेली आणि मामांनी ती मोडीत देऊन टाकली. ते पुन्हा गाडीवर बसले नाहीत. शिरूरच्या पेट्रोल पंपाशेजारी पंक्चरचे दुकान होते, तिथे चाकांत हवा भरायला बसू लागले. सुट्टीत मी भेटायला जायचो. त्यांच्या अंगाला आता रबराचा वास यायचा. ते माझ्याशी शेतीचे, पावसाचे बोलत. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही.

मला बाहेरगावी नोकरी लागली तेव्हा निरोप घ्यायला गेलो होतो. शिक्रापूरचा एक तरुण टॅक्सीवाला हवा भरायला थांबला होता. तो म्हणाला, "मामा, लोक सांगत्यात तुम्ही पेट्रोलात कापूर टाकायचा. लई पळायची म्हणं गाडी. खरं का?"

मामा हवेच्या पंपाचा दांडा खालीवर करत राहिले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला इचार. ह्यानं मोजलंय."

"नाही पळत," मी म्हणालो. "काही फरक पडत नाही."

"बरं, न्हाई तर न्हाई," तो म्हणाला. "पर टाकला तर गाडीला काय इजा व्हती का? बंदबिंद पडती का?"

पंपाचा दांडा थांबला. मामा मान खाली घालून चाकाकडे पाहत होते. त्यांचा हात दांड्यावर तसाच घट्ट होता. टॅक्सीवाला माझ्या तोंडाकडे पाहत उभा होता.

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

मामांनी दांडा पुन्हा खाली दाबला. चाक भरले तेव्हा त्यांनी त्यावर बोटाने टकटक करून पाहिले, मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जा," ते म्हणाले, "तुझी एस.टी. लागली." मी गाडीत बसेपर्यंत तो हात खांद्यावर असल्यासारखा वाटत होता. पुढच्या हिवाळ्यात घरून निरोप आला की मामा गेले.