छर्रा डावीकडे जात होता

"मिस्त्री, हे रायफल डावीकडे फेकून राह्यली. पाहा बरं तिले."

बळीरामजींनी रायफल माझ्यापुढे टेबलावर ठेवली. आवाजात राग नव्हता. आपण चुकलो असू हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. येण्याचं कारणही नव्हतं. आमच्या क्लबात त्यांच्या तोडीचा नेमबाज दुसरा नव्हता.

वाशिमला माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. देशमुख-पाटलांच्या परवान्याच्या बंदुका मी साफ करायचो, घोडे बसवायचो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. तिथल्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी हवेच्या रायफलींचा क्लब काढला होता. उन्हाळा सरला की जिनाचं मोठं गोदाम रिकामं पडायचं. दसऱ्यानंतर नवा कापूस येईपर्यंत तिथं क्लब चालायचा. वकील, तहसीलचे कारकून, स्टेशनमास्तर, मंगरूळपीरचे एक-दोन व्यापारी असे लोक यायचे. रायफली सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

हवेच्या रायफलीत बारूद नसते. लिव्हर ओढला की आतली स्प्रिंग दबते. ट्रिगर दाबला की स्प्रिंग सुटते, पिस्टनला पुढे लोटते, आणि पिस्टनपुढची हवा छर्‍याला नळीतून बाहेर काढते. एवढंच. दहा यार्डांवर एक लोखंडी पत्रा उभा. पत्र्याच्या मधोमध चिंचोक्याएवढं भोक, त्यामागे घंटा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजणार. नाही गेला तर पत्र्यावर फासलेल्या पांढऱ्या रंगात काळा डाग उमटणार. पत्र्याच्या मागे सरकीनं भरलेली पोती रचलेली.

बळीरामजींचे डाग त्या दिवशी सगळे भोकाच्या डाव्या अंगाला होते.

मी रायफल उघडली. पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचं वायसर असतं. ते वाळलं की हवा निसटते, पण मग छर्रा खाली पडतो, डावीकडे जात नाही. तरी बदललं. स्प्रिंग सरळ होती. नळीत गज घालून पाहिला, कुठं अडला नाही. छर्रे नव्या डब्यातले घेतले. मग रायफल शिकंज्यात आवळली आणि माणसाचा हात न लावता मारून पाहिली. छर्‍यावर छर्रा त्याच एका जागी बसला.

"रायफल निर्दोष हाय," मी म्हणालो.

"मंग साइट हालली असंल."

साइट दोन असतात. डोळ्याजवळची खाच असलेली मागची, आणि नळीच्या टोकावरची पुढची, तिला आम्ही माशी म्हणतो. खाचेत माशी मधोमध दिसली पाहिजे आणि माशीवर निशाण. मी दोन्ही तपासल्या. मग स्टेशनमास्तरांच्या हातात तीच रायफल दिली. ते बेताचेच नेमबाज. त्यांनी घंटा वाजवली.

बळीरामजी हसले. "माह्याशीच वैर हाय म्हना तिचं."

यंत्रात दोष सापडला नाही की मी माणसाकडे पाहतो. दुसऱ्या दिवशी ते मारत असताना मी पत्र्याकडे न बघता त्यांच्या बाजूला उभा राहिलो. त्यांचा उजवा गाल रायफलीच्या दस्त्याला घट्ट चिकटलेला असायचा, सगळ्यांना मी तोच दाखला द्यायचो. आता गाल सुटला होता. नेम धरताना ते मान जराशी फिरवत होते, कोंबडी दाण्याकडे एका अंगानं बघते तशी. डोळा खाचेच्या मागून डावीकडे सरकला की छर्राही डावीकडे जातो. कारण कळलं. पण माणूस मान का फिरवतो, हे कळायला हवं होतं.

लोक गेल्यावर मी विचारलं, "बळीरामजी, मान काहून फिरवता?"

"नाही फिरवत."

"फिरवता. सरळ पाह्यलं तर काय दिसते?"

त्यांनी रायफल खाली ठेवली. मग म्हणाले, "सरळ पाह्यलं का निशाण गायब होते. बाजूनं पाह्यलं का दिसते. धुकं बसल्यावानी हाय मधात. गेल्या दिवायीपासून हाय, आता वाढलं. कोनाले सांगू नोका."

बळीरामजी त्याच जिनात कापसाचे ग्रेडर होते. हे काम काय असतं ते सांगतो. गाडी अंगणात आली की ग्रेडर गाडीतून कापूस उपसून बघतो. रंग पाहतो, पिवळा डाग पाहतो, पानाचा कचरा पाहतो, दोन बोटांत धागा ओढून लांबी पाहतो. तो बोलेल तो कापसाचा दर्जा. शेतकऱ्याचं वर्ष आणि मॅनेजरचा सौदा त्या बोलण्यावर. बळीरामजी मूळचे इंझोरीचे, घरची थोडी कोरडवाहू, ती भावाकडे. बायको आणि दोन मुली वाशिमात. पोट सगळं डोळ्यांवर.

मी म्हटलं, "अकोल्याले चला. मले स्प्रिंगा आणाच्या हायेत. कोनी विचारलं तर माह्यासंगं आले म्हनून सांगजा."

अकोल्याला डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी खोलीत अंधार केला, कपाळावरच्या आरशानं उजेड पाडून एकेका डोळ्यात बराच वेळ पाहिलं. मग खिडकी उघडली.

"डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. उजव्याची जास्त. डाव्याचीही सुरुवात आहे. तंबाखू खाता?"

"खातो जी."

"आजपासून बंद. कधीकधी तंबाखूनं असं होतं. तसं असेल तर नजर परत येईल."

"आन् तसं नसंल तर?"

डॉक्टर हात धुवायला उठले.

परतीच्या गाडीत बळीरामजींनी कमरेची चंची काढली आणि खिडकीबाहेर भिरकावली. लहानपणापासूनची तंबाखू. "हे तं सोपं झालं," ते म्हणाले. वाशिम येईपर्यंत ते बोलत होते, मुलींच्या लग्नांबद्दल, या साली कापूस कसा येईल त्याबद्दल. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

तंबाखू सुटली. नजर आली नाही.

त्यानंतर ते संध्याकाळी क्लब सुरू व्हायच्या आधी माझ्याकडे यायला लागले. "मिस्त्री, साइट जराशी उजवीकडे घ्या." मागच्या साइटला बाजूनं एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की खाच डावी-उजवीकडे सरकते. छर्रा डावीकडे जात असेल तर खाच उजवीकडे घ्यायची. मी घेतली, ती रायफल त्यांच्यापुरती वेगळी ठेवली. घंटा वाजली. बळीरामजींचा चेहरा उजळला. काही दिवसांनी छर्रा पुन्हा डावीकडे. पुन्हा स्क्रू.

मला ते काम नकोसं झालं. बंदूक चांगली होती आणि मी ती दर खेपेला थोडी थोडी बिघडवत होतो, आणि जितकी बिघडवायची गरज पडे तितका माणूस आंधळा झालेला असे. डॉक्टरांकडे मोजायला आरसा होता, माझ्याकडे स्क्रू होता. दोघांचं उत्तर एकच येत होतं.

मी एकदा म्हणालो, "बळीरामजी, निशाणबाजी सोडा. घरी सांगा. साहेबायले सांगा. सीझन सुरू व्हायच्या आत दुसरं काई काम देतील."

"सांगीन. अकोल्याची मॅच होऊ द्या."

दसऱ्याच्या आधी अकोल्याच्या क्लबाशी मॅच ठरली होती. मॅनेजरसाहेबांनी सगळा भार बळीरामजींवर टाकला होता. मला वाटतं, बळीरामजींच्या मनात मॅचला महत्त्व नव्हतं. जोवर मॅच व्हायची आहे तोवर आपण नेमबाज आहोत, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

मॅचच्या सकाळी त्यांनी रायफल पुन्हा पुढे केली. मी स्क्रू फिरवायला गेलो. फिरेना. खाच उजव्या टोकाला जाऊन टेकली होती.

"अजून घ्या."

"आता जागा नाही बळीरामजी."

त्यांनी मान हलवली आणि रायफल घेऊन गेले.

दुपारी गोदामात बाकं मांडली होती. अकोल्याचे लोक, आमचे लोक, जिनातले हमालही दाराशी उभे. बळीरामजींचा नंबर आला. पहिला छर्रा पत्र्याच्या डाव्या काठावर. दुसरा पत्र्याला लागलाच नाही, मागच्या पोत्यात गेला आणि सरकीची धार सुरू झाली. लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, चांगला नेमबाज चुकला की हसतातच. त्यांनी तिसऱ्यांदा रायफल उचलली, गाल लावला, मान फिरवली, मग उलटी फिरवली. नळी हळूहळू इकडून तिकडे जाऊ लागली. पत्रा कुठं आहे तेच ते शोधत होते. हसणं थांबलं.

मी जाऊन नळीवर हात ठेवला. "राहू द्या."

रायफल त्यांनी सोडली.

मॅनेजरसाहेबांनी मला बाहेर बोलावलं. ते सुरतेकडचे, पण वर्‍हाडात मुरलेले. "मिस्त्री, सच बोला. याचे डोळे गेले काय?"

"त्यायलेच विचारा साहेब. माह्या तोंडून कायले?"

"म्हणजे गेले." ते पत्र्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले. "आता मी काय करू? पुढच्या महिन्यात गाड्या लागतील."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी बळीरामजींना काढलं नाही. म्हणाले, बोटांनी धागा तर कळतो ना, करून बघू. बळीरामजींनी सीझन सुरू केला. धाग्याची लांबी ते डोळे मिटूनही सांगायचे, ती कधी चुकली नाही. रंग मात्र बोटांना कळत नाही. रिसोडकडच्या एका शेतकऱ्याचा पांढराशुभ्र कापूस त्यांनी डागी म्हणून खालच्या दर्जात टाकला. तो माणूस गाडीवर उभा राहून ओरडला, "अहो बाप्पा, डोये हायेत का बटनं? दुधावानी माल हाय माहा!" बळीरामजींनी मूठभर कापूस तोंडाजवळ नेला, बाजूनं पाहिला, वास घेतला. मग त्या माणसालाच विचारलं, "खरंच पांढरा हाय का भाऊ?"

शेतकरी गाडीवरून खाली उतरला. कापूस पांढरा म्हणून तोलला गेला, पण अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून जो तो आपला माल पांढराच म्हणू लागला.

बळीरामजींनीच काम सोडलं. त्यांची बायको माझ्या दुकानात आली. कधी उंबऱ्यावर न दिसलेली बाई. "मिस्त्रीभाऊ, तुमाले मालूम होतं. अकोल्याले तुमीच नेलं. दुसरा डाक्टर नाही का कुठी? नागपूरले? मुंबईले?"

नागपूरलाही ते जाऊन आले. तिथल्या डॉक्टरनं अकोल्याच्या डॉक्टरचंच सांगितलं, फक्त थोडं गोड करून. चैतात बिऱ्हाड इंझोरीला गेलं.

पुढे लढाई सुरू झाली. विलायती छर्रे, स्प्रिंगा यायचं थांबलं. क्लबात जायला लोकांना फुरसतही उरली नाही. रायफली तेल लावून पेटीत बंद झाल्या.

इंझोरीला एका पाटलाची बंदूक पाहायला गेलो तेव्हा बळीरामजींना भेटलो. भावाच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी समोर उभा राहिलो. त्यांनी मान उचलली, पण या वेळी ती कुठल्याच बाजूला फिरवली नाही. मी बोललो तेव्हा ओळखलं.

"क्लब चालू हाय का?"

"बंद पडला."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पुढची शेंग उचलली. थोड्या वेळानं म्हणाले, "पोरीचं लगन झालं. जवाई कसा दिसते ते बायको सांगते मले. ते चांगलंच सांगते."

चहा झाला. भाऊ मला वेशीपर्यंत पोचवायला आला आणि वाटेत म्हणाला की दादा रात्रंदिवस असाच बसून राहतो, कामाला हात चालतो पण जेवायला हाक मारावी लागते.

मी आयुष्यभर बिघडलेल्या बंदुका उघडल्या. सापडलेला दोष बहुतेक वेळा दुरुस्त केला. त्यामुळे दोष सापडला की काम अर्धं झालं, असं मी हाताखाली काम शिकणाऱ्या उमेदवारांना शिकवायचो. आता शिकवत नाही. बंदूक नेम चुकवते म्हणून कोणी आलं की मी आधी बंदूकच तपासतो, आणि दोष तिच्यातच निघावा अशी इच्छा करतो.